आधी भोकं बघा, मग राजा: पोतीत ओवलेल्या रोमन नाण्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाईंच्या जुन्या पोतीत पुतळ्यांबरोबर एक वेगळंच सोन्याचं नाणं ओवलेलं आहे. एका बाजूला शिरस्त्राण घातलेला, समोर बघणारा राजा, खांद्यावर भाला. दुसऱ्या बाजूला पंख असलेली बाई, हातात उंच क्रूस. राजाच्या डोक्यावर शेजारी शेजारी दोन भोकं. सराफाच्या काट्यावर वजन 4.31 ग्रॅम. सासूबाईंचं माहेर धारवाडकडचं. सराफाचं म्हणणं, भोकांमुळे त्याला नाणं म्हणून किंमत उरलेली नाही. आटवून टाका, नाहीतर झाळ देऊन भोकं बुजवून देतो. तुम्हाला विचारायचंय की हे खरंच रोमन आहे का, भोकं बुजवावीत का, आणि ते गळ्यात घालावं का.

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तेवढ्यात तुम्ही सराफाकडे जाऊन याल अशी भीती वाटते. बुजवू नका. आटवायचा तर विचारसुद्धा नको. या नाण्याबद्दल सगळ्यात जास्त माहिती त्या दोन भोकांत आहे, राजा त्यानंतर.

आता ओळख. घरच्या डब्यात निघालेलं ‘रोमन’ नाणं बहुतेक वेळा रोमन नसतं. आपल्याकडे ओवलेली परदेशी सोन्याची नाणी म्हणजे मुख्यतः दोन: पुतळी, म्हणजे व्हेनिसचा डुकाट किंवा त्यावरून इथल्या सोनारांनी पाडलेली नक्कल, आणि इंग्रजांची गिनी. व्हेनिसच्या अस्सल डुकाटाचं वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, सोनं जवळजवळ शुद्ध. ज्याला आपण गिनी म्हणतो तो सॉव्हरिन 7.98 ग्रॅमचा, 22 कॅरटचा. आणि इथेच लोक फसतात, कारण ऑगस्टसच्या काळातलं रोमन सोन्याचं नाणं, ऑरियस, ते पण आठ ग्रॅमच्या जरा आतच भरतं. दोन्हींवर मुखवटा, दोन्हींवर लॅटिन अक्षरं. त्यामुळे झिजलेली राणीछाप गिनी ‘रोमन’ म्हणून माझ्यापुढे ठेवली जाणं हे नेहमीचंच. नीरोने इसवी सन 64 मध्ये ऑरियसचं वजन उतरवलं, ते सव्वासात ग्रॅमच्या आसपास आलं. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने त्याच्या जागी सॉलिडस आणला: एका रोमन पौंडात 72, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅमचा.

तुमचं 4.31 ना पुतळीत बसतं, ना गिनीत. सॉलिडसमध्ये मात्र बसतं, थोडी झीज आणि भोकांत गेलेलं सोनं धरलं तर. वर्णनही जुळतं. समोर बघणारा, खांद्यावर भाला टाकलेला राजा ही कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन राजधानीच्या, सॉलिडसची ठरलेली छबी. सम्राट जस्टिनियनने 538 च्या सुमारास ती बदलून राजाच्या हातात क्रूस लावलेला गोल दिला. पंखांची बाई म्हणजे विजयदेवता. तिच्या हातात लांब क्रूस येतो तो 5व्या शतकात, सम्राट दुसऱ्या थिओडोसियसच्या काळापासून. म्हणजे मूळ नमुना 5व्या शतकातला किंवा 6व्याच्या अगदी सुरुवातीचा. बरेच जण याला ‘बायझंटाइन’ म्हणतात. कॉन्स्टँटिनोपलचे ते लोक स्वतःला रोमनच म्हणवत, तेव्हा रोमन म्हटलंत तरी बिघडत नाही.

मी ‘मूळ नमुना’ म्हणालो ते जाणूनबुजून. दक्षिण भारतात या सॉलिडसच्या नकला त्याच काळात झाल्या, सोन्यातच झाल्या आणि बऱ्याच झाल्या. फरक ओळखायला राजाच्या तोंडाकडे बघू नका, अक्षरांकडे बघा. देवतेच्या पायाखाली, नाण्याच्या तळाशी, पाच अक्षरं सुटी वाचता यायला हवीत: सी, ओ, एन, ओ, बी. कॉन्स्टँटिनोपलच्या शुद्ध सोन्याची ती खूण. ज्याला लॅटिन येत नव्हतं त्या कारागिराने अक्षर ‘काढलं’ नाही, त्याचं ‘चित्र’ काढलं. मग एन उलटा होतो, बी चा नुसता दांडा राहतो, ओ ची टिकली होते. दुसरी जागा राजाच्या डाव्या खांद्यावरची ढाल. अस्सल नाण्यावर त्या इवल्याशा ढालीवर घोडेस्वार शत्रूला भाल्याने भोसकताना दिसतो. नकलेत त्या घोड्याचे चार-सहा ठिपके उरतात.

आणि नक्कल निघाली तर हिरमुसू नका. ही बनावट नव्हे. दीड हजार वर्षांपूर्वी कुणा दख्खनी सोनाराने रोमन राजाकडे बघत पाडलेला तो दागिना असेल. माझ्या लेखी अस्सल नाण्याइतकाच तो बोलका. संग्रहालयवाल्यांना तर कधीकधी अधिक.

आता भोकं.

दहापट भिंग घ्या आणि उजेड बाजूने पडू द्या. जुन्या काळी भोक बहुधा टोच्याने ठोकून पाडत. ज्या बाजूने टोचा आत शिरला तिथे कडा आत ओढली जाऊन बशीसारखा खोलगटपणा येतो, आणि ज्या बाजूने बाहेर पडला तिथे सोन्याची कड फुलासारखी उमलून उभी राहते. ती कड कानस मारून सपाट केलेली असेल किंवा अंगावर घासून घासून गुळगुळीत झालेली असेल. ड्रिलचं भोक वेगळं: नळीसारखं सरळ, दोन्ही तोंडं सारख्या मापाची, आत वळ्यावळ्यांचे बारीक ओरखडे. एवढ्यावर शिक्का मारू नका, कारण फिरता सामता, म्हणजे हाताने फिरवून भोक पाडायचं हत्यार, आपल्या कारागिरांकडेही जुनाच आहे. पण सरळ नळी आणि आत लखलखीत ताजं सोनं दोन्ही एकत्र दिसलं तर भोक अलीकडचं.

त्यानंतर दोऱ्याची झीज शोधा. नाणं वर्षानुवर्षं लटकत राहिलं की दोरा भोकाची वरची कड कापत जातो आणि गोल भोक काठाच्या दिशेने लांबट होतं, वरचा पन्हाळ गुळगुळीत होतो. ही झीज मुद्दाम नकली करणं अवघड असतं. ती दिसली तर एवढं नक्की समजा की हे नाणं कुणीतरी खरोखर अंगावर वागवलं होतं.

भोक कुठे आहे हेही बघायचं. रोमन नाण्यांत दोन्ही बाजूंचे छाप एकमेकांशी सरळ असतात किंवा डोकंखाली. सॉलिडसवर बहुधा डोकंखाली. म्हणजे भोक राजाच्या डोक्यावर पाडलं तर राजा ताठ उभा राहतो आणि मागची देवता उलटी लटकते. पाडणाऱ्याला निवड करावीच लागते. तुमच्या नाण्यात त्याने राजा निवडला. ब्रिटिश म्युझियममध्ये विल्टनचा क्रूस म्हणून एक अँग्लो-सॅक्सन पदक आहे, बायझंटाइन सम्राट हेराक्लियसचं सोन्याचं नाणं मध्ये बसवलेलं, आणि ते नाणं उलटं बसवलंय. लोकांना ती चूक वाटते. पण ज्याच्या गळ्यात ते होतं त्याने मान खाली घातली की नाणं त्याला सुलट दिसतं.

आणि दोनच भोकं का? ही गोष्ट हाताने करून बघितल्याशिवाय कळत नाही. पुठ्ठ्याची चकती कापा, एकच भोक पाडा आणि त्यातून दोरा आरपार ओवून गळ्यात धरा. चकती दोऱ्याला आडवी वळते, तोंड बाजूला करते. म्हणूनच एका भोकाच्या नाण्याला वर कडी लागते. आता दोन भोकं शेजारी पाडा, दोरा एकातून मागे घालून दुसऱ्यातून पुढे काढा: चकती छातीवर सपाट बसते, वळत नाही, आणि शेजारी दुसरी, तिसरी लावत गेलात की सर तयार. राजाच्या डोक्यावर अशी दोन भोकं ही दक्षिण भारतात सापडलेल्या 5व्या-6व्या शतकातल्या सॉलिडसची जवळजवळ सहीच आहे. हावेरी जिल्ह्यातल्या अक्की आलूरला अशा नाण्यांचा साठा सापडला, त्यात अस्सल होती, स्थानिक नकला होत्या आणि कितीतरी नाण्यांना अशीच दुहेरी भोकं. 1997 पर्यंत हा भाग धारवाड जिल्ह्यातच होता. सासूबाईंच्या माहेरावरून मी लगेच त्या साठ्याशी नातं जोडत नाही, पण तुमचा प्रश्न वाचून कान टवकारले ते यामुळे.

नाणं अंगावर घालायची हौस फक्त आपली, असा समज असेल तर तो सोडा. खुद्द रोमन लोक हे करत, आणि इतकं सर्रास की त्यावर कायद्याचा खल झाला. दुसऱ्या शतकातला कायदेपंडित पोम्पोनियस म्हणतो की रत्नांसारखी वापरली जाणारी जुनी सोन्याचांदीची नाणी मृत्युपत्राने कुणाला नुसती उपभोगासाठी देता येतात. एरवी रोख पैशाला हा नियम लावताना अडचण येते, कारण पैसा वापरला की संपतो, परत काय देणार? पण गळ्यातलं नाणं वापरूनही शिल्लक राहतं. जुनी पोत सुनेला ‘घालायला’ द्यायची की ‘देऊन टाकायची’ यावर आपल्या घरांत जे रुसवेफुगवे होतात, त्याचा निवाडा त्याने कधीच करून ठेवलाय.

ताईत म्हणून वापर तर याहून पसरलेला. चौथ्या शतकाच्या शेवटी अँटिओकमध्ये जॉन क्रिसोस्टम हा धर्मोपदेशक लोकांवर खेकसला होता की तुम्ही मॅसेडोनच्या अलेक्झांडरची तांब्याची नाणी डोक्याला आणि पायाला कसली बांधता? म्हणजे अलेक्झांडरला जाऊन सातशे वर्षं झाल्यावर, ख्रिस्ती झालेल्या शहरात, त्याचं चित्र आजारापासून आणि नजरेपासून राखतं असा भरवसा होता. श्रीमंतांचं काम अर्थात दिमाखदार. कॉन्स्टंटाइनची दुप्पट वजनाची सॉलिडस सोन्याच्या जाळीदार चौकटीत बसवलेली पदकं आज वॉशिंग्टनच्या डंबर्टन ओक्समध्ये आणि पॅरिसच्या लूव्हरमध्ये आहेत. त्या नाण्यांना भोक नाही. राजाश्रय असलेला सोनार चौकट करतो. ज्याच्याकडे फक्त खिळा आणि हातोडी आहे तो भोक पाडतो.

साम्राज्याच्या सीमेपलीकडे ही हौस आणखी वाढली. 251 साली अब्रिटसच्या लढाईत गॉथ लोकांनी सम्राट डेसियसला मारलं आणि त्याचा खजिना लुटला. त्या सुमाराची ऑरियस आज युक्रेन आणि पोलंडच्या मातीतून निघतात, आणि त्यांतली बरीच भोक पाडलेली. त्यांनी ते सोनं बाजारात खर्चलं नाही, गळ्यात घालून मिरवलं. रोमानियातल्या शिम्लेउ सिल्वानिएईला 1797 मध्ये सापडलेली चौथ्या शतकातली रोमन सोन्याची मोठी पदकं तर जाड कड्या आणि चौकटींसकट आहेत. ती आता व्हिएन्नात. पुढे डेन्मार्क-स्वीडनकडे अशाच रोमन पदकांवरून पातळ पत्र्याची एका बाजूने ठोकलेली पदकं करू लागले. सुरुवातीला राजाचा मुखवटा ओळखू येतो, मग त्याचं हळूहळू त्यांच्या देवांत रूपांतर होतं.

आपल्याकडेही याच वाटेने झालं, फक्त साहित्य वेगळं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला (जुनं तगर), तेलंगणात कोंडापूरला, आणखी काही सातवाहनकालीन गावांत भाजलेल्या मातीच्या चकत्या सापडतात. त्यांवर रोमन नाण्याचा ठसा, बहुधा सम्राट टायबेरियसच्या नाण्यांवरून घेतलेला, आणि ओवायला भोक किंवा कान. ज्याला सोनं परवडत नव्हतं त्यानेही राजाचा मुखवटा गळ्यात घालायची सोय केली होती, असंच मी त्याकडे बघतो. त्याच काळातली सोन्याची अस्सल नाणी मात्र वेगळ्या नशिबाची. पुदुक्कोट्टईला 1898 मध्ये 501 ऑरियसचा साठा निघाला. त्यांतल्या बहुतेकांवर राजाच्या चेहऱ्यावरून छिन्नीचा आडवा घाव आहे. तो घाव दागिन्याचा नव्हे. चलनातून काढण्यासाठी तो मुद्दाम घातला असावा, असं बहुतेक जाणकार मानतात. हे सांगायचं कारण, कुणी तुम्हाला चेहऱ्यावर चीर असलेलं नाणं ‘ताईत’ म्हणून दाखवलं तर विश्वास ठेवू नका. अंगावर घालणारा माणूस चेहरा जपतो.

पुतळीचं म्हणाल तर तीही याच पंक्तीतली. तिच्यावर व्हेनिसचा ड्यूक संत मार्कपुढे गुडघे टेकून आहे आणि नाण्याच्या मागच्या बाजूला येशू. आपल्या बायकांना याचं काय देणंघेणं! नाण्यावर दोन माणसं उभी दिसतात, सोनं चोख आहे, माळेत शोभतं, झालं. ग्रीसमध्ये याच डुकाटावरच्या दोन आकृती कॉन्स्टंटाइन आणि त्याची आई हेलेना आहेत असं समजून बायका तो ताईत म्हणून घालत. त्याआधी तिथे बायझंटाइन नाण्यांना तो मान होता. 12व्या शतकातला बायझंटाइन विद्वान मायकल इटालिकस अशा एका नाण्याचे रोगनिवारक गुण पत्रात लिहून ठेवतो.

आता पैशाचं. सराफ अगदीच खोटं बोलत नाही. लिलावात भोक असलेलं नाणं निर्दोष नाण्याच्या मानाने पुष्कळ स्वस्त जातं. पण बुजवलेलं भोक त्याहून वाईट. झाळ देताना नाणं तापतं, वरची शतकांची कांती जाते. वर सोनार ‘बरोबर’ करायला म्हणून राजाच्या शिरस्त्राणावरची गेलेली रेघ कोरून काढतो, तेव्हा ते नाणं नुसतं दुरुस्त केलेलं न राहता कोरून खोटं केलेलं ठरतं. जाणकार भिंगाखाली डाग पाच सेकंदांत ओळखतो. आणि तुमच्यासारख्या नाण्यात दोन भोकं हाच दख्खनचा दाखला. ती बुजवलीत तर जगभर हजारोंनी असलेल्या सॉलिडसमधलं एक दुरुस्त केलेलं नाणं हातात उरेल.

उलट बाजूही सांगतो. हल्ली चौथ्या शतकातली तांब्याची बारकी रोमन नाणी, जी किलोने निघतात, त्यांना ड्रिल मारून ‘प्राचीन ताईत’ म्हणून विकतात. नाणं खरं, भोक कालचं. तांब्याच्या नाण्यात हे ओळखणं सोपं: बाहेर हिरवट-तपकिरी थर आहे तसाच भोकाच्या आतही हवा. आत नुसतं तांबूस, चकाकतं दिसलं तर नाद सोडा. आणि जुनं तांब्याचं नाणं कातडीला लागेल असं कधीच घालू नका. घामातलं मीठ आणि मुंबई-कोकणातली दमट हवा मिळून धातू आतून पोखरतात. फिकट हिरवी पूड सुटू लागली की तो रोगच समजायचा.

तुमचं सोन्याचं आहे, त्याला हा धोका नाही. घालायला हरकत नाही, पण रोज नको. इतकं चोख सोनं मऊ असतं, आणि भोक ते काठ यांच्यामधली पट्टी आधीच दोऱ्याने झिजलेली असणार. ती तुटली की नाणं कुठे पडलं ते कळणारही नाही. म्हणून सणासुदीला घाला, आणि पटवेकऱ्याकडून रेशमात गाठवून घ्या. सोन्याची कडी अजिबात नको. कडी भोकाला करवतीसारखी खाते. शेजारच्या पुतळ्या त्याच्यावर घासणार नाहीत अशी मध्ये रेशमाची गाठ असू द्या. फारच रोज घालायची हौस असेल तर सोनाराला वेगळी चौकट आधी पूर्ण झाळून तयार करायला सांगा आणि नाणं थंड असतानाच चार पाकळ्या वळवून आत बसवू द्या. नाण्याला भट्टीची झळ लागता कामा नये.

सराफाला कसोटीवर घासू देऊ नका. त्या एका रेघेत काठावरचं अक्षर जातं. कस बघायचाच असेल तर एक्स-रे मशीनवर बघा, ओरखडा उठत नाही. उजळायलाही देऊ नका. कोमट पाणी, साध्या साबणाचे दोन थेंब, मऊ कापडाने टिपणं, बास. भोकात अडकलेली माती दिसली तर सुईने काढू नका, ती पुरावा आहे.

कायद्याचं थोडक्यात. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं. घरात वारशाने आलेलं ठेवायला अडचण नाही, पण देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. मुलगी परदेशात असेल तर तिच्या पर्समध्ये टाकून देण्याचा मोह आवरा. जमिनीत सापडलेल्या ठेव्याचं प्रकरण वेगळं: 1878 चा कायदा अजून लागू आहे आणि दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तुमचं पोतीतलं आहे, पण सासूबाईंना आधी हे विचारून घ्या की ते त्यांच्या आईकडून आलं की शेतातून.

त्या काय सांगतील ते जसंच्या तसं कागदावर लिहून नाण्याच्या डबीत ठेवा: कुणाचं, कुठल्या गावचं, कधीपासून पोतीत. मग दोन्ही बाजूंचे फोटो काढा, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून, आणि भोकांचा मागून-पुढून जवळून एकेक. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात किंवा नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत दाखवायचं ठरवलंत तर तिथेही पहिल्यांदा हेच मागतील. मला पाठवणार असाल तर तळाच्या त्या पाच अक्षरांचा फोटो बाजूच्या उजेडात काढून पाठवा. अस्सल की दख्खनी, ते त्यावरून बहुधा सांगता येईल.